स्पीकरकडून मागे

गोंदियात रिमोटची गाडी बंद पडली की लोक आधी खेळण्यांच्या दुकानात जातात. तिथला दुकानदार हात वर करतो आणि त्यांना रेडिओवाल्याकडे, म्हणजे आमच्याकडे, पाठवतो. पाटीवर अजून ‘रेडिओ’ हा शब्द असलेली दुकानं गावात आता थोडीच उरली आहेत, आणि पाटीवर रेडिओ असला तरी आत तो असेलच असं नाही. आत मिक्सर असतात, पंख्याचे रेग्युलेटर असतात, फवारणीचे पंप असतात. दिवाळी सरली की प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या गाड्याही येतात, पिशवीच्या तळाशी निखळलेलं चाक आणि एखादा स्क्रू. बघणाऱ्याला वाटतं, रेडिओवाल्याचे वाईट दिवस आले, बिचारा खेळणी दुरुस्त करून पोट भरतो. पोट भरतं हे खरं. पण रिमोटची गाडी म्हणजे स्पीकरच्या जागी मोटर बसवलेला रेडिओच, हे माझं म्हणणं मी गिऱ्हाइकांना ऐकवत असतो आणि ती मान हलवून ‘उद्या मिळेल का?’ एवढंच विचारतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

या धंद्याची सुरुवात रुळांपासून करावी लागते. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाइन १८८० ते १८८२ या वर्षांत राजनांदगावपर्यंत पोचली. पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं ती घेतली, ब्रॉडगेज केली, आणि गोंदिया हावडा–मुंबईच्या हमरस्त्यावर आलं. १९०३ नंतर बालाघाट–नैनपूरकडे सातपुड्याची नॅरोगेज निघाली, ती १९०५ पर्यंत जबलपूरला भिडली. दक्षिणेला नागभीड–चांदा फोर्टची लाइन झाली. तांदूळ, विडीपत्ता आणि मँगनीज या रुळांवरून बाहेर गेले, आणि उलट्या दिशेनं आमच्यासाठी व्हॉल्व आले. कोलकात्याच्या चांदनी मार्केटमधला माल हावडा मेलनं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा माल त्याच गाडीच्या परतीच्या फेरीनं. नागपूर तर शेजारचंच. भंडारा जिल्ह्यातलं हे एक तालुक्याचं गाव (जिल्हा व्हायला १९९९ चा १ मे उजाडावा लागला), पण दोन्ही महानगरांच्या सुट्या भागांच्या बाजारात आमचा हात पोचत होता.

बाबा रेडिओदुरुस्तीचं काम नागपूरच्या एका दुकानात शिकले. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झालं होतं, आणि त्यानंतर सेट घ्यायची हिंमत इकडच्या लोकांत आली. पन्नासच्या दशकात रेडिओ असणारे म्हणजे मिलवाले, विडीवाले, वकील आणि रेल्वेतले मोठे साहेब. सेटला पोस्टातून परवाना लागायचा. वर्षाचे १५ रुपये, आणि त्याचं पासबुकासारखं पुस्तक, ज्यात पोस्टाचा शिक्का. घरात भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीचा पट्टीसारखा एरियल ताणलेला असे, आणि अर्थिंगची वायर नळाला किंवा अंगणात गाडलेल्या सळईला. पावसाळ्यात इकडे विजा फार पडतात, त्यामुळे आभाळ गरजलं की एरियलची पिन काढून ठेवायची हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. न काढणाऱ्यांचे सेट दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून आमच्याकडे.

तक्रार बहुतेक एकच असे: सिलोन लागत नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र आमच्या धंद्याची परीक्षा ठरली. नागपूर मीडियम वेव्हवर कसंही यायचं. सिलोन शॉर्टवेव्हवर, लांबून, चढत-उतरत येणारं. सेटच्या आयएफटीत, म्हणजे आतल्या जुळवलेल्या गुंडाळ्यांत, जरा सरक झाली, स्टेशन लावायच्या गँगमध्ये धूळ बसली, एखादा कंडेन्सर गळायला लागला की पहिलं सिलोन जायचं. आमच्या वॉर्डात विडी कारखान्यातल्या फळीवर एक सेट होता. ओळीनं बसलेले कामगार सूप मांडीवर घेऊन विड्या वळत आणि रेडिओ ऐकत. तो बंद पडला की बाबांना घरून बोलावणं येई, मग जेवण अर्धवट राहिलं तरी चालेल. शेजारच्या मिलचा स्टार्टर ओढला की त्याची ठिणगी थेट त्या रेडिओत कडकडायची. ही ठिणगी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

बाबांकडे मीटर होता, नाशिकच्या मोटवानेचा. तरी ते तो शेवटी उचलत. आधी सिरीज बोर्ड: शंभर वॅटचा दिवा सेटच्या मार्गात जोडायचा. दिवा लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद राहिला तर पुढे जायला हरकत नाही. त्यानंतर त्यांची खरी रीत सुरू व्हायची, आणि ती उलटी होती. आवाज एरियलकडून स्पीकरकडे येतो, पण बाबा स्पीकरकडून एरियलकडे जात. आधी स्पीकर: सेलची दोन टोकं क्षणभर टेकवायची, ‘खट्’ झालं तर स्पीकर जिवंत. मग पेचकसाच्या टोकानं व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टाचेला हात लावायचा. ‘घुंऽऽ’ असा घोगरा आवाज आला तर तिथून पुढचं सगळं ठीक, दोष मागे. मग डिटेक्टर, मग आयएफ, मग मिक्सर. एकेक खोली ओलांडत मागे जायचं, आणि जिथं आवाज मेला त्याच्या एक पाऊल पुढे थांबायचं. अर्ध्या सेटला हातही न लावता दोष सापडायचा. नवखे मेकॅनिक पुढून सुरुवात करत, सगळ्या आयएफटी फिरवून ठेवत आणि चांगला सेट बिघडवत. अशा पोराला बाबा म्हणत, “काऊन रे बाप्पा, चोर मागच्या दारात अन् तू पुढचं घर झाडतो?”

साठीच्या अखेरीला ट्रान्झिस्टर आले आणि धंदा खाली उतरला, म्हणजे चांगल्या अर्थानं. शेतावर, सायकलच्या हँडलला, पानठेल्यावर. गोंदियातही कप्प्या-कप्प्यांचं किट आणून ‘लोकल’ ट्रान्झिस्टर जोडणारे होते. वरची पेटी कुठली, आतली कॉइल कुठली, आणि नाव दुकानदाराच्या मुलीचं. याच दिवसांत आम्हाला ॲम्प्लिफायरची दुसरी बाजू मिळाली. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार असते, नाटक असतं, आणि भोंगा नसेल तर मंडई कसली? वडसा तर त्याच चांदा फोर्टच्या लाइनीवर, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ठाणं. त्यांचे ॲम्प्लिफायर पाठीवर घेऊन माणसं गोंदियाच्या गाडीत चढत.

रिमोटच्या गाडीची पहिली ओळख मंडईतच झाली. खरं तर ती रिमोटची नव्हतीच. हातातल्या डबीत दोन सेल, डबीपासून गाडीपर्यंत हातभर वायर, बटण दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. पोरगं गाडीमागे कमरेत वाकून पळायचं. तिचा दोष शोधायला विद्या लागत नव्हती. वायर डबीतून निघते तिथं किंवा गाडीत शिरते तिथं तुटलेली, नव्याण्णव टक्के तिथंच. दोन इंच वायर कापायची, पुन्हा डाग द्यायचा. दरवर्षी दुरुस्त होत होत वायर आखूड होत जायची आणि पोराची पाठ आणखी वाकायची.

बिनवायरीची गाडी मी पहिल्यांदा ऐंशीच्या दशकात पाहिली, एका मिलमालकाच्या घरची. कोलकात्याच्या खिदिरपूरमधून आणलेली, जपानी. बाहेरच्या जगात तोवर हा खेळ जुना झाला होता. इटलीच्या एका कंपनीनं १९६६ मध्येच रेडिओवर चालणारी फेरारी विकायला काढली होती, आणि जपानच्या तामियाची पोर्शे १९७६ ची. त्याच्याही मुळाशी जायचं तर १८९८ चं न्यूयॉर्क, जिथं निकोला टेस्लानं पाण्याच्या हौदात बिनतारी होडी फिरवून दाखवली. आणि त्याच्याही तीन वर्षं आधी, आमच्याच रेल्वेलाइनीच्या पूर्व टोकाला, जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि बारूद उडवली होती. दूरवरून, तारेशिवाय, एक काम करवून घेणं. रिमोटच्या गाडीत याहून वेगळं काही नाही.

गंमत अशी की तेव्हा ती गाडी बाळगणं कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे भानगडीचंच होतं. १९३३ चा बिनतारी यंत्रांचा कायदा परवान्याशिवाय प्रक्षेपक ठेवू देत नव्हता, आणि रिमोट हा प्रक्षेपकच. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला तो २००५ मध्ये. मधली वीस वर्षं देशभरातली पोरं बेकायदा गाड्या फिरवत होती आणि कोणी विचारलं नाही. आणि याच देशात एके काळी रेडिओ नुसता ऐकायलाही पासबुक लागत होतं.

मी ती जपानी गाडी उघडली तेव्हा बाबा बाजूला बसले होते. आत सर्किटची एक छोटी पाटी, थोडे ट्रान्झिस्टर, एक कॉइल. त्यांनी चष्मा वर केला, कॉइलकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “याचा स्पीकर कुठाय?” मी मोटर दाखवली. “मग तिथून सुरू कर.”

आणि तीच रीत लागू पडली, आजवर पडते. मोटरला दोन सेल थेट टेकवायचे. फिरली तर मोटर चांगली. नाही फिरली तर आतल्या ब्रशची पत्ती झिजलेली किंवा गादीचा केस आसाला गुंडाळलेला असतो, घराघरांतल्या गाद्यांचा कापूस माझ्याकडे बराच जमला आहे. मोटरच्या मागे चार ट्रान्झिस्टरांची चौकट असते, एक जोडी पुढे नेते, दुसरी मागे. गाडी भिंतीला टेकली तरी पोरगं बटण सोडत नाही, अडलेली मोटर भरमसाट करंट ओढते आणि त्यातला एखादा ट्रान्झिस्टर जळतो. मग गाडी नुसती पुढेच जाते, किंवा स्विच टाकताच कोणी न सांगता पळत सुटते. ‘भूत शिरलं’ असं सांगत आणलेल्या गाड्यांचं भूत बहुतेकदा तिथं, ८०५० किंवा ८५५० नंबरच्या दोन-पाच रुपयांच्या ट्रान्झिस्टरात. त्याच्या मागे आयसी, आणि सगळ्यात मागे, एरियलच्या वायरीपाशी, रिसीव्हर.

या रिसीव्हरवर मला जरा थांबायचं आहे. एडविन आर्मस्ट्राँग या न्यूयॉर्कच्या इंजिनिअरनं १९१८ च्या सुमारास सुपरहेटरोडाइन नावाची रचना केली. बाबांनी जन्मभर दुरुस्त केलेला प्रत्येक व्हॉल्वचा सेट त्या रचनेचा. १९२२ मध्ये त्यानंच सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हर काढला. एकच व्हॉल्व स्वतःच्याच आवाजानं बेभान होण्याच्या काठावर ठेवायचा, सेकंदाला हजारो वेळा आवरायचा आणि सोडायचा. लहर आली की तो लवकर बेभान होतो, आणि तेवढ्यावरून लहर आली हे कळतं. मोठ्या रेडिओंना ही युक्ती नको होती, फार सरसर करते. पण एका ट्रान्झिस्टरात काम होतं, म्हणून स्वस्त खेळण्यांनी ती उचलली, आणि दुकानात मी उघडलेल्या २७ आणि ४९ मेगाहर्ट्‌झच्या गाड्यांत तीच बसलेली. पुढे १९३३ मध्ये एफएमचं पेटंटही त्याच माणसाला मिळालं. बाबांचा सेट, माझी गाडी आणि गाडी तपासायचं माझं हत्यार, तिन्ही एकाच डोक्यातून निघालेले. विडीच्या गावात त्याचं नाव कोणाला माहीत असायचं कारण नाही, पण आमच्या बाकाचं कुलदैवत तोच.

हत्यार म्हणजे खिशातला एफएम रेडिओ. रिमोट बोलतो आहे की मुका, हे कसं ओळखायचं? महागडं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण स्वस्त रिमोट आपल्या ठरलेल्या लहरीबरोबर तिच्या दुपटी-तिपटीही सोडतो. रिमोट ४९.८६ चा असेल तर त्याची दुप्पट ९९.७ च्या जवळ येते, नेमकी एफएमच्या पट्ट्यात. तिथं कुठलं स्टेशन नसेल तर रेडिओ सरसरत राहतो. बाजूला रिमोट धरून बटण दाबलं की सरसर फाटते आणि घर्‌घर्‌ ऐकू येते. पुढचं बटण दाबलं की एका सुरात, वळायचं दाबलं की दुसऱ्या, कारण प्रत्येक हुकमासाठी रिमोट ठरावीक ठोक्यांची वेगळी संख्या पाठवतो. २७ च्या रिमोटांची चौपट १०८ च्या आसपास, डायलच्या अगदी टोकाला, कधी सापडते, कधी नाही. काहीच ऐकू आलं नाही तर आधी सेल, मग हातातून पडून तडकलेला क्रिस्टल. असं कान लावून दोष धरणं बाबांना फार आवडलं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांना दिसत कमी होतं, पण रिमोट तेच तपासून देत.

आणि ती ठिणगी. गाडी थोडी चालते, थांबते, पुन्हा उसळते, थांबते. सेल नवे, रिमोट ठणठणीत, चाकं उचलून धरली तरी तेच. बरेच जण पाटीच बदलायला सांगतात. मोटरच्या दोन टोकांमध्ये सुपारीच्या खांडाएवढा एक कंडेन्सर असतो, १०४ लिहिलेला. त्याचा एक पाय तुटलेला असतो. मोटरच्या ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्या तो गिळतो. तो सुटला की ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरला बहिरं करतो, हुकूम ऐकू येत नाही, मोटर थांबते, गोंगाट थांबतो, हुकूम पुन्हा ऐकू येतो. मिलचा स्टार्टर सिलोनला जे करायचा तेच.

एवढं सगळं सांगितलं तरी खरं हे की बाकावर येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच सेलच्या खोलीतच बऱ्या होतात. स्प्रिंगवर गंज, सेल फुटून आलेला थर. साध्या सेलचा थर आम्लाचा, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेलचा पांढरा थर उलट जातीचा, त्याला लिंबू. मग बारीक पॉलिशपेपर, वाटलं तर कथलाचा हलका हात. बिरोजा लावून डाग नीट बसवला की पंधरा मिनिटांचं काम. पैसे किती घ्यायचे हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पंधरा मिनिटांचे वीस रुपये मागितले तर लोक म्हणतात, “फक्त पुसलं तं!”

एप्रिल २००१ मध्ये शेवटच्या सातशे पंधरा वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांचा लोंढा आला. गाडी मिलमालकाच्या घरातून रिक्षावाल्याच्या घरी पोचली. माझ्या दृष्टीनं हा या धंद्याचा सुवर्णकाळ, कारण त्याच वर्षांत लोडशेडिंग होतं. गाडीत निकेल-कॅडमियमची बॅटरी, सोबतचा चार्जर आपण होऊन न थांबणारा. लाइट कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून लोक चार्जर लावूनच ठेवत. मध्यरात्री वीज उसळून आली की चार्जरचा ट्रान्सफॉर्मर गेला, आणि नाही गेला तर सकाळपर्यंत बॅटरी शिजली. पुढे आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचं वीज केंद्र उभं राहिलं. त्याचा पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला तोवर मी चार्जरच्या जळक्या गुंडाळ्यांचं तांबं किलोनं विकलं होतं.

मध्ये २००९ च्या जानेवारीत सरकारनं चिनी खेळणी सहा महिन्यांसाठी बंद केली, लगेच ढिलीही केली. २०२० मध्ये आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची. दुकानदारांना याचा त्रास झाला. मला दुसऱ्याच गोष्टीचा. गाड्या २.४ गिगाहर्ट्‌झवर गेल्या. आता दोघांच्या गाड्या एका रिमोटवर पळत नाहीत, हे उत्तम. पण ती लहर कुठल्याही एफएमवर ऐकू येत नाही. रिमोट आणि गाडी एकमेकांना ओळखतात ती ओळख आयसीच्या आत, आणि आयसी तरी कुठे, पाटीवर ओतलेला काळा डांबरासारखा ठिपका. त्याला पाय नाहीत, नंबर नाही. स्पीकरकडून मागे चालत येतो आणि त्या ठिपक्यापाशी रस्ता संपतो. मग पोरं म्हणतात, ऑनलाइन किट मागवा काका, रिमोट आणि पाटी दोन्ही नवीन. मागवतो. बसवतो. चालते. त्याला दुरुस्ती म्हणावं का, यावर माझा आणि माझ्या मुलाचा वाद आहे, आणि तो म्हणतो ते अगदीच चूक नाही: बाबाही व्हॉल्व बदलतच होते, आत हात घालून दुरुस्त करत नव्हते.

तरी मोटरपासून त्या ठिपक्यापर्यंतचा अर्धा रस्ता आमचाच आहे, आणि आता त्यावर दुसरीच वाहतूक वाढली आहे. पाठीवरचे फवारणीचे बॅटरी पंप. बारा व्होल्टची बॅटरी, छोटी मोटर, एक स्विच, चार्जर. खोलून ठेवले तर गाडीची थोरली भावंडं. दोष तेच: टोकावरचा गंज, गुदमरलेली मोटर, उन्हाळाभर न भरल्यानं मेलेली बॅटरी. रोवणी आटोपली की आमगाव, सालेकसा, देवरीकडून पंपांची रांग लागते, आणि धानावर तुडतुडा आला की रांगेत भांडणं. परवा एक जण पंप आणि पोराची गाडी एकाच पोत्यात घेऊन आला. पोरगं सोबत होतं, त्यानं गाडी काढून बाकावर पुढे सरकवली. बापानं ती उचलून परत पोत्यात टाकली.

“पंप आधी, भाऊ. गाडी मंडईपर्यंत झाली तरी चालते.”

मी मोटरला दोन वायरी लावल्या.